तिसऱ्या दिवसाचा चढ

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. नोकरी सोडल्यावर माणसं एकतर ध्यानाला बसतात नाहीतर रोजनिशी लिहायला घेतात, आणि मला मांडी घालून पाच मिनिटं गप्प बसता येत नाही.

विमा कंपनीतला राजीनामा मंजूर झाला. नवऱ्याच्या औषधाच्या दुकानावरचा माळा आता माझं ऑफिस. खोकल्याच्या औषधाची खोकी एका भिंतीला सरकवली, समोरच्या भिंतीवर युरोपचा नकाशा टाचण्यांनी लावला, एक टेबल, दोन खुर्च्या. खालून दिवसभर मलमांचा वास येतो. नवरा म्हणतो, तू लोकांना चालायला पाठव, ते परत आले की मी खाली आहेच.

धंदा असा. पन्नाशीच्या पुढच्यांना युरोपात चालायला, डोंगर चढायला, सायकल चालवायला न्यायचं. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा, हा प्रकार नाही. पहिली सहल जूनमध्ये, सरोवरांच्या डोंगराळ भागात. सकाळी एका गावातून निघायचं, पायवाटेने चालत संध्याकाळी दुसऱ्या गावात मुक्कामाला पोचायचं. जड सामान गाडीने पुढे जातं, पाठीवर फक्त पाणी आणि रेनकोट. बरोबर गाईड नाही. हातात माझी टिपणं: 'लाकडी फाटक ओलांडलं की डावीकडे वळा, ओढा उजव्या हाताला ठेवा.' मी स्वतः सामानाच्या गाडीत बसून पुढे जाणार आणि मुक्कामावर सगळ्यांचं स्वागत करणार. मालकिणीने असंच राहावं.

अडचण एकच आहे. तिकडचा गाडीवाला म्हणतो, चालणारे सहा असतील तरच गाडी लावीन, आणि मार्चअखेर पक्कं कळवा. गाडी नाही तर सहल नाही. पहिलीच सहल बारगळली तर मी कुठल्या तोंडाने दुसरी काढू? विमा कंपनीतल्या साहेबांनी निरोपाच्या दिवशी "परत यावंसं वाटलं तर या" असं जे काही हसून म्हटलं होतं, ते अजून डोक्यातून जात नाही.

घराची मात्र चिंता नाही. सासूबाई आहेत. मी त्यांना आईच म्हणते. माझ्या लग्नाआधीच त्यांनी टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेतली, तेव्हापासून घर त्यांच्याच हातात आहे. नवरा, पंधरा वर्षांची लेक आणि मी, आम्ही तिघं बाहेरून येतो आणि जातो, घर आपलं चालू असतं. जूनमध्ये मी नसेन तेव्हाही घरात काही अडणार नाही. आई म्हणजे देवमाणूस.

९ फेब्रुवारी

घोडं गंगेत न्हायलं! एका आठवड्यात सहा जण!

बँकेतून निवृत्त झालेले काका आणि काकू. काका सगळं मोजून घेतात, काकू सगळं हसण्यावारी नेतात. एकाच इस्पितळात आयुष्य काढलेल्या दोघी नर्स, एकीने वाक्य सुरू करायचं आणि दुसरीने संपवायचं. एक घड्याळजी, फारच हळू बोलतात, त्यांचं वाक्य संपेपर्यंत आपण मनात दोन कामं उरकून येतो. आणि सहावे दंतवैद्य. ते आले ते स्वतःचा नकाशा काखोटीला मारूनच. मी म्हटलं, नकाशा लागणार नाही, माझी टिपणं आहेत. ते म्हणाले, असू द्या, मला बघायला आवडतं.

घरी पेढ्याऐवजी आइस्क्रीम आणलं. आईंनी विचारलं, बायका एकट्या येतात का अशा सहलींना. म्हटलं, येतात की, माझ्या दोघी नर्स आहेत ना. "वयाचं काही बंधन?" मी म्हटलं, छे, पाय चालले म्हणजे झालं. धंद्यात रस घेतात बिचाऱ्या. अशी सासू मिळायला भाग्य लागतं.

१३ फेब्रुवारी

आमच्या व्यवसायात एक रीत आहे. टिपणं लिहिणाऱ्याने स्वतः तपासायची नाहीत, कारण त्याला वाट ठाऊक असते. ज्याने ती जागा पाहिलेली नाही त्याला वाचायला द्यायची आणि तो कुठे अडखळतो ते बघायचं. मी आईंना दिली. शुद्धलेखनही पक्कं आहे त्यांचं.

दोन दुपारी बसून वाचली. नुसती वाचली नाहीत, बोट फिरवत वाचली. तिसऱ्या दिवसाच्या पानावर अडल्या. "इथे तू कुठून कुठे चाललीस?"

सांगितलं. मागच्या वर्षी वाट बघायला गेले होते तेव्हा त्या भागात बस फक्त सकाळची होती, तीही वरच्या गावाला जाणारी. म्हणून मी बसने वर गेले आणि चालत खाली आले. आपली मंडळी खालून वर जाणार, म्हणून घरी येऊन सगळी डावी-उजवी उलटी करून टाकली. त्या पानावर मी 'सोपी वाट, दोन्ही बाजूंना रानफुले' असं लिहिलंय.

आई म्हणाल्या, "डावं-उजवं उलटं केलंस ते बरं केलंस. पण चढ-उताराचं काय?"

मी म्हटलं, आई, वाट तीच असते. त्या हं म्हणाल्या आणि एका ठिकाणी स्वल्पविराम घातला.

१८ फेब्रुवारी

आईंचं वय आता दिसायला लागलंय. नवऱ्याने सांगितलं की त्यांनी दुकानातून गुडघ्याचे पट्टे नेले. एक जोड स्वतःला, एक शिवणवाल्या बाईंना. शिवणवाल्या बाई म्हणजे आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आईंच्या मैत्रीण. कपडे शिवतात. दोघींचं सकाळ-संध्याकाळ गुळपीठ.

शिवाय आई हल्ली लिफ्टने येत नाहीत. चौथा मजला, आणि या पायऱ्या चढून येतात, वर दम खात उभ्या राहतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, आत कोंडल्यासारखं होतं. उतारवयात अशा भीती बसतात म्हणे. मला फार वाईट वाटलं.

बुटांचं तर विचारूच नका. जाड तळाचे, नाडीवाले, घोट्याच्या वर जाणारे तपकिरी बूट आणलेत आणि ते घालून स्वयंपाक करतात. टाचा दुखत असणार. मी आजच मऊ सपाता आणून दिल्या. "छान आहेत," म्हणाल्या, आणि खोक्यासकट कपाटात ठेवल्या.

नवऱ्याला सांगितलं, आईंना आता जपायला हवं, जास्त दगदग नको. तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, बरं.

२५ फेब्रुवारी

एक गंमत. आई हल्ली भाजी आणायला लेकीचं जुनं दप्तर पाठीला लावून जातात. हरकत नाही, पिशवीने हात दुखतात. पण आज दप्तर टेबलावर ठेवलं तर धप्पकन आवाज झाला. उघडलं तर वर एक कोबी आणि खाली शब्दकोशाचे तीन खंड. आई म्हणाल्या, शिवणवाल्या बाईंना एक शब्द अडला होता.

लेक एकदम हसत सुटली आणि खोलीत पळाली. तिचं वयच तसं आहे, कशालाही हसतात.

४ मार्च

दंतवैद्य माळ्यावर आले. खुर्चीत बसले नाहीत. नकाशा टेबलावर पसरून माझ्या तिसऱ्या दिवसाच्या वाटेवर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "या रेषा बघा." उंचीच्या रेषा होत्या. कंगव्याच्या दातांसारख्या एकीला एक लागून. रेषा जवळ म्हणजे चढ उभा, हे मलाही कळतं. पण मी नकाशा पाहिलाच कधी? मी वाट चालून आले होते ना!

"बाई, तुम्ही ही वाट उतरून आलात का?" त्यांनी विचारलं. दात बघताना विचारतात तसं, अगदी सौम्यपणे.

मी हो म्हटलं. खोटं कसं बोलणार, नकाशा समोर होता. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, एवढा चढ जमणार नाही. दिवस उलटे करावेत म्हटलं तर मुक्कामाच्या घरांची आरक्षणं त्याच क्रमाने झालेली, आणि जूनमध्ये तिकडे दुसरी खोली मिळत नाही. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, शुभेच्छा दिल्या, नकाशा माझ्याकडेच ठेवून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता पाचच राहिले.

बाकीच्यांना लगेच फोन केले. सगळं खरं सांगितलं, की तिसरा दिवस सोपा नाही, छातीवर येणारा चढ आहे, आणि चूक माझी आहे. काकू इतक्या हसल्या की काकांनी फोन घेतला. काकांनी उंची विचारली, लिहून घेतली आणि म्हणाले, येतो. एक नर्सबाई म्हणाल्या, "आम्ही आयुष्यभर इस्पितळाचे जिने" आणि दुसऱ्या म्हणाल्या, "चढलोय." घड्याळजींच्या बाजूने नुसती टिकटिक ऐकू येत राहिली. मला वाटलं, गेले हेही. मग म्हणाले, हळू चाललं की चढ लहान होतो.

या पाच जणांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण सहावा कुठून आणू?

आईंनी चढ-उताराचं विचारलं होतं, ते आता आठवतंय. त्यांनी अर्थात सहज विचारलं असणार.

११ मार्च

सहाव्याचा शोध. विमा कंपनीतल्या सगळ्यांना विचारलं. योगाच्या बाईंना विचारलं. नणंदेच्या दिराला विचारलं, तो म्हणाला, चालायला पैसे कशाला द्यायचे, मी रोज फुकट चालतो. लेकीच्या गणिताच्या सरांना विचारलं. काल बाजारात एक बाई दोन्ही हातांत सामान घेऊन चढाचा रस्ता भराभर चढत होती, तिलाही गाठलं. ती मला विक्रेती समजून पळाली. म्हणजे मी आहेच विक्रेती, पण तरी.

रोज जेवताना मी दिवसभराचा अहवाल देते. हा नाही म्हणाला, ती नाही म्हणाली. नवरा मान डोलावतो. आज आईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "अजून कुणी उरलंय का विचारायचं?"

मी म्हटलं, नाही हो आई, ओळखीतली सगळी माणसं विचारून झाली.

आईंनी पळी भांड्यात ठेवली. लेकीने ताटातून मान वर करून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं माझ्या नाकाला काही लागलंय.

१६ मार्च

सहावा नाही.

२१ मार्च, शुक्रवार

चौकात सहलीवाल्यांची ती मोठी कंपनी आहे. काचेचं ऑफिस, बाहेर नदीकाठी सायकल चालवणाऱ्या दातवाल्या माणसांचं भलंमोठं चित्र. माझा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा, अर्थात त्यांना ते माहीत नाही. मी तिथून जाताना एरवी मान वळवून जाते. आज चुकून आत नजर गेली तर कोण दिसावं? आई आणि शिवणवाल्या बाई! खुर्च्यांवर ऐसपैस बसलेल्या, हातात कॉफी, आणि समोरची मुलगी शिवणवाल्या बाईंच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून बघत होती.

फिरून दमल्या असतील आणि थंडाव्याला टेकल्या असतील. तिथल्या मुली मोठ्या लाघवी असतात, दिसेल त्याला धरून बसवतात. माझ्या घरच्या माणसाला पटवू बघतायत म्हणजे कमाल आहे! आत जाऊन दोघींना सोडवून आणणार होते, पण मला गाडीवाल्याला फोन करायचा होता. आणखी चार दिवस मागितले. नाही म्हणाला, मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर.

२४ मार्च, सोमवार

जसं घडलं तसं लिहून काढते.

दुपारी घरी होते. फोन वाजला. गोड आवाज. "काकू आहेत का? त्यांच्या सायकलची सीट बसवायची आहे, पायाची आतली लांबी हवी होती. आणि जूनच्या तिकिटावरचं नाव एकदा तपासायचं होतं." कुठल्या काकू, मी विचारलं. तिने आईंचं पूर्ण नाव सांगितलं.

फोन ठेवला आणि बसून राहिले. मग एकेक आठवायला लागलं. पट्टे, जिना, बूट, शब्दकोश. माझ्याइतकी आंधळी बाई जगात दुसरी नसेल. महिना-दीड महिना माझ्या नाकासमोर एक बाई डोंगर चढायची तयारी करत होती आणि मी तिला सपाता आणून दिल्या.

आई गॅलरीत बुटांना पॉलिश करत होत्या. मी म्हटलं, "सायकलवाल्यांचा फोन होता. तुमच्या पायाची लांबी हवीय."

"देते उद्या," त्या म्हणाल्या. ब्रश थांबला नाही.

"तुम्हाला सायकल येते?"

"अगं, ऑफिसला सायकलनेच जायचे. लग्न होऊन तू आलीस त्याच्या आधीच सोडली."

मला हे माहीतच नव्हतं. अठरा वर्षं एका घरात राहते. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, मी गावभर सहावा माणूस शोधत फिरतेय, माझी झोप उडालीय, आणि तुम्ही घरातल्या घरात चौकातल्या कंपनीत नाव घालून आलात? एका शब्दाने मला सांगितलं नाहीत?

आईंनी बूट खाली ठेवला. "मला वाटायचं तू विचारशील. रोज जेवताना तू नावं घ्यायचीस. हा नाही म्हणाला, ती नाही म्हणाली. मला वाटायचं, आता माझं नाव येईल. मग वाटायचं, उद्या येईल. तू बाजारातल्या अनोळखी बाईलाही विचारलंस."

मला वाटलं तुमचे गुडघे दुखतात, असं काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, गुडघे ठणठणीत आहेत. मग मी हात धरला आणि म्हटलं, झालं गेलं विसरा आणि आता माझ्याकडे या. सहावी जागा तुमचीच.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तिकडे ठरलंय. आम्हा दोघींचं ठरलंय. आणि खरं सांगू? त्या मुलीने मला पहिल्या दिवशी विचारलं, काकू, तुम्हाला सहलीत काय हवंय? मला सांगताच येईना. कुणी कधी विचारलंच नव्हतं. घरी येऊन चार दिवस विचार केला."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला दिवसभर अंग मोडून दमायचंय. आणि मग संध्याकाळी कुणीतरी दार उघडावं आणि स्वयंपाक झालेला असावा. तो काय आहे तेही मला आधी माहीत नसावं."

माझ्याशी एवढं बोलल्या नसतील इतक्या वर्षांत. आणि मी काय म्हणावं? लाज वाटते लिहायला. मी म्हटलं, "जूनमध्येच? मग घर?"

आईंनी पॉलिश झालेला बूट बाजूला सरकवला. रागावल्या असत्या तर चाललं असतं. त्या म्हणाल्या, "घरात दोन धडधाकट माणसं आहेत," आणि दुसरा बूट घेतला.

२६ मार्च

दोन दिवस तोंड फुगवून बसले. कशासाठी ते विचारलं तर सांगता येणार नाही.

नवऱ्याला माहीत होतं. लेकीला माहीत होतं, दप्तर तिनेच दिलं होतं आणि शब्दकोशाची कल्पनाही तिचीच. दुकानातल्या पोऱ्यापासून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मी नवऱ्याला म्हटलं, तू तरी सांगायचंस. तो म्हणाला, "आई म्हणाली होती, तिला सांगू नका. तिचं तिला सुचू दे."

सुचलं नाही. जी बाई जगाला विचारत सुटली, तिला घरात बसलेलं माणूस सुचलं नाही. आणि सुचलं नाही हेच बरं होतं असं मला आतून वाटत होतं का? आई चालायला गेल्या असत्या तर माझ्या मागे घर कुणी बघितलं असतं? हा विचार मी कधी केला नव्हता. पण न करताच तो झालेला होता, असं आता वाटतं. हे फार टोचतंय.

२९ मार्च, शनिवार

आई पहिल्यांदाच माळ्यावर आल्या. शिडीसारखा जिना आहे, टकाटक चढून आल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या, युरोपचा नकाशा बघितला, खोकल्याच्या औषधाची खोकी बघितली. "छान केलंयस," म्हणाल्या. या वेळी खरंच छान वाटलं असावं.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. "सहावा मिळाला?"

मी मान हलवली. सोमवारी गाडीवाल्याला 'जमत नाही' म्हणून कळवायचं होतं.

"मग सहावी तूच चाल की. लोकांना चढाला लावायचं आणि आपण मोटारीत बसून पुढे जायचं, ही कुठली रीत?"

मी एवढी हुशार, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गाडीवाल्याला तिथल्या तिथे फोन केला. तो म्हणाला, चालणारे सहा असले की झालं, त्यातली एक मालकीण असेल तर मला काय. फोन ठेवून मी आईंना मिठी मारली. त्यांना सवय नाही, अवघडल्या. मलाही नव्हती.

मग हळूच म्हटलं, आई, पण मी तो चढ चढलेच नाहीये. मी फक्त उतरलेय.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी ये आमच्याबरोबर."

१३ एप्रिल

गेले पंधरा दिवस सकाळी दोघींबरोबर टेकडीवर. म्हणजे त्या दोघी टेकडीवर, मी टेकडीच्या मध्यावर. शिवणवाल्या बाई चढताना बोलतात. नुसत्या बोलत नाहीत, पूर्ण गोष्टी सांगतात, मध्ये श्वासही घेत नाहीत. मी मागून "हो का" एवढंही म्हणू शकत नाही. वर पोचले तर दोघी बाकावर बसून माझी वाट बघत असतात आणि मला म्हणतात, बस, घाई नाही.

पायांना फोड आलेत. आई म्हणाल्या, बूट घरातही घालून फिर, स्वयंपाक करताना घाल. आता आमच्या स्वयंपाकघरात दोन बायका डोंगरातले बूट घालून पोळ्या लाटतात. दोन बायका म्हणजे दोन बायका, हेही नवीनच आहे. माझ्या पोळ्यांना लेक नकाशे म्हणते.

आठवड्यातून दोनदा नवरा आणि लेक जूनची रंगीत तालीम करतात. आज भात करपला. नवऱ्याने दुकानातून भाजल्यावरचं मलम आणलं, भातासाठी नव्हे, बोटासाठी.

तिसऱ्या दिवसाचं पान फाडून टाकलंय. तिथे नवीन काय लिहायचं ते अजून ठाऊक नाही. पाचही जणांना माळ्यावर बोलावून एकेकाला विचारलं, तुम्हाला या सहलीत काय हवंय? काका म्हणाले, त्यांना एकदा तरी रस्ता चुकायचाय. माणूस जन्मभर हिशेब जुळवत बसला, आणि त्याला हे हवं होतं! घड्याळजींनी उत्तराला आठवड्याची मुदत मागितली.

७ जून

आई आणि शिवणवाल्या बाई आज गेल्या. आमची निघायची वेळ परवा. दारात टॅक्सी उभी, दोघींच्या पाठीला एकसारख्या बॅगा, शिवणवाल्या बाईंनीच शिवलेल्या. मला वाटलं आता आई सांगतील, दूध कुठे, गॅस बंद कर, खिडक्या लावा. अठरा वर्षांत सांगितल्याशिवाय बाहेर पडल्या नाहीत. आज एक अक्षर बोलल्या नाहीत. टॅक्सीत बसल्या आणि काच खाली करून फक्त हात हलवला. टॅक्सी वळल्यावर नवरा म्हणाला, आईला एवढं हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवतच नाही. त्याचे डोळे भरून आले होते, त्याने चष्म्यावर ढकललं.

१२ जून

मुक्कामाच्या घरातून लिहितेय. वरचं गाव. बाहेर अजून चांगला उजेड आहे.

तिसरा दिवस चढले. 'सोपी वाट, दोन्ही बाजूंना रानफुले' लिहिणाऱ्या बाईला मी आज वाटेत शंभर शिव्या दिल्या. फुलं आहेत, पण ती बघायला मान वर करावी लागते, आणि मान वर केली की पुढचा चढ दिसतो. काका हवे तसे चुकले, एका गोठ्यात निघाले, अतिशय खूश आहेत. नर्स बायका पुढे, काकू हसत मधे, मी आणि घड्याळजी शेवटी. ते म्हणाले होते ते खरं आहे, हळू चाललं की चढ लहान होतो. फार लहान होत नाही. एका ठिकाणी मी दगडावर बसले आणि म्हटलं, माझ्याच्याने होत नाही. घड्याळजी शेजारी बसले. निघायची घाई केली नाही. मग आम्ही उठलो.

वर पोचले तेव्हा पायांत त्राण नव्हतं. घामाने कपडे अंगाला चिकटले होते, फोडांची आग होत होती. फाटक ढकललं. हात वर करून घंटा वाजवणार तोच आतून दार उघडलं. मुक्कामाच्या मालकीणबाई, साठीच्या असतील. माझ्याकडे एकदा बघितलं, पाठीवरची बॅग काढून घेतली, खुर्ची पुढे केली. टेबलावर सहा जणांची मांडामांड झालेली होती. आतून शिजल्याचा वास येत होता, कशाचा ते कळत नव्हतं.

मी खुर्चीत बसले आणि मला वाटलं, हे मला ओळखीचं आहे. ही खुर्ची नाही, हे गाव नाही, पण हे. दमून यायचं, किल्ली शोधायच्या आत दार उघडायचं, हातातली पिशवी कुणीतरी घ्यायचं, ताट वाढलेलं असायचं. अठरा वर्षं मी रोज संध्याकाळी अशा मुक्कामाला पोचतेय. आणि ज्यांनी रोज दार उघडलं त्यांना ते एकदाच हवं होतं, तर मी विचारलं, मग घर?

जेवण वाढलं गेलं, सूप होतं. मला रडू आवरेना. काकूंना वाटलं फोड दुखतायत. मीही तेच सांगितलं.

जेवून बाहेर बाकावर आले आणि आईंना फोन लावायला घेतला. त्या नदीकाठच्या कुठल्याशा गावात असतील आज. खूप काही सांगायचं होतं. नंबर काढला, आणि ठेवून दिला. या वेळी त्या जेवत असतील, आणि कुणाचाही फोन आला तरी ताटावरून उठायची त्यांची सवय आहे.